व्याह्यांना साडेतीन गुण

सुलक्षणाबाई जगदाळे यांनी आपल्या मुलीच्या सासऱ्यांना दहापैकी साडेतीन गुण दिले. ही घटना रविवारी संध्याकाळी पाच वाजून बावीस मिनिटांनी, शिरूरच्या न्हावरे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात घडली आणि केबल वाहिनीवरून दोन तालुक्यांत थेट दिसली.

सासरे म्हणजे जयसिंगराव. घोड नदीकाठच्या एका गावच्या दूध संस्थेचे बावीस वर्षं चेअरमन. गुण ऐकून त्यांनी हात जोडले आणि प्रेक्षकांच्या तिन्ही बाजूंना वाकून नमस्कार केला. गुण त्यांना आवडले होते. गायीच्या दुधाला साडेतीन फॅट लागला की पूर्ण दर मिळतो, त्यामुळे साडेतीनच्या पुढे माणसाला आणखी काही हवं असतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या जोडीला सहा मिळाले आणि त्याच्या पुढच्या जोडीला साडेसात, तेव्हा ते शेजारी बसलेल्या पत्नीकडे, तुळजाबाईंकडे झुकले.

"सहा म्हंजी म्हशीचं झालं," ते म्हणाले. "आन् साडेसात? त्यात तर भेसळच हाय."

गुण दहापैकी असतात, हे त्यांना परतीच्या वाटेवर मुलानं, गोकुळनं सांगितलं. गाडी त्यानंतर बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभी होती.

स्पर्धेचं नाव 'तालुक्याचे तारे'. ती काढली जालिंदरनं, केबल वाहिनीच्या मालकानं. बॉलरूम नाच, म्हणजे जोडीनं, एकमेकांचा हात न सोडता, विलायती सुरावटीवर घ्यायच्या गिरक्या. तो प्रकार निवडण्यामागे कलेचा संबंध नव्हता. शिरूरच्या एका कापड दुकानदारानं बँडवाल्यांसाठी मागून शेपटी असलेले काळे कोट मागवले होते, बँडवाल्यांनी ते घेतले नाहीत, आणि दुकानदारानं जालिंदरला विचारलं होतं की असा कोट घालून माणूस जगात करतो तरी काय. जालिंदरनं फोनवर शोधलं.

तारे तीन होते. जयसिंगराव आणि तुळजाबाई ही एक जोडी. दुसरा खंडू, बैलगाडा शर्यतींचा निवेदक. त्याचा आवाज आंबेगावपासून दौंडपर्यंत लोक डोळे मिटून ओळखत. तिसरी ऋतिका, जी कांद्याच्या वाफ्यात उभी राहून छोटे व्हिडिओ करायची आणि जिच्या व्हिडिओंना कांद्यापेक्षा बरा भाव होता. खंडू आणि ऋतिका आपापल्या जोडीदारांबरोबर नाचत.

परीक्षक एकच, सुलक्षणाबाई. वय सहासष्ट, दौंड स्टेशनच्या तिकीट खिडकीवर चौतीस वर्षं नोकरी. तरुणपणी रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचा. त्याच्या बायकोनं त्यांना वॉल्ट्झ, म्हणजे असाच गिरक्यांचा जोडीचा नाच, शिकवला आणि त्यांनी तिला पुरणपोळी. वॉल्ट्झ सुलक्षणाबाईंना उत्तम आला. पोळी तिच्या हातून शेवटपर्यंत फुटत राहिली.

व्याही-विहिणीचं नातं जालिंदरला माहीत होतं. पण दोन्ही तालुक्यांत वॉल्ट्झ जाणणारी दुसरी व्यक्ती नव्हती, आणि कुणाच्याच नात्यात न बसणारा परीक्षक हवा तर तो परराज्यातून आणावा लागला असता. सुलक्षणाबाईंनी फक्त एक अट घातली. नियम त्या लिहून देतील आणि सगळ्यांनी सह्या करायच्या. नियम सात होते. चौथा असा: नाचताना हात सुटला तर दर वेळी अर्धा गुण कमी. सातवा असा: अंतिम फेरीत पाचाच्या खाली गुण मिळाले तर करंडक कुणालाही नाही.

जयसिंगरावांची अडचण पायांची नव्हती. ताल त्यांना बरा होता. अडचण अशी की वॉल्ट्झमध्ये सारखं गोल फिरावं लागतं, आणि फिरताना अर्धा वेळ प्रेक्षकांकडे पाठ होते. बावीस वर्षांत, वार्षिक सभा असो की सत्यनारायण, जयसिंगरावांनी सभासदांकडे पाठ केली नव्हती. पाठ केली की मागे काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, कारण आधीच्या चेअरमनच्या पाठीमागे तेच उभे होते. म्हणून ते अर्ध्यापेक्षा थोडे कमी फिरत आणि उलटे परत येत. त्यांच्याबरोबर तुळजाबाईही जात आणि येत. वाऱ्यावर वाड्याचं फाटक हलावं तसं ते दिसे. त्यात कुणी ओळखीचं दिसलं की त्यांचा उजवा हात बायकोच्या पाठीवरून सुटून नमस्काराला वर जाई. पहिल्या फेरीत तो पाच वेळा गेला होता. सुलक्षणाबाईंनी सहामधून अडीच वजा केले आणि साडेतीन लिहिले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

सोमवारी सकाळी लेकीचा, अनिताचा फोन आला.

"आई, काय करून ठेवलंस गं?"

"काय केलं?"

"मामा रात्री जेवले नाहीत. आज सकाळी चहा घेतला, तोही माझ्याकडं न बघता. शिक्रापूरचं मी परत विचारलं तर म्हणाले, 'फायनल होऊ दे, मग बघू.' फायनल रविवारी आणि मला सोमवारी आठला हजर व्हायचंय."

शिक्रापूरच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत अनिताची निवड झाली होती. खाद्यपदार्थांची तपासणी. तीन मुलाखती देऊन मिळालेलं काम. सोमवारी आठला गेली नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणार, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. गोकुळची हरकत नव्हती. तुळजाबाईंची हरकत नव्हती. पण त्या घरात हरकत नसणं आणि परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरी फक्त जयसिंगरावांकडं मिळे.

"पाच दे गं," अनिता म्हणाली. "दहातले पाच. नुसतं पासिंग."

"पासिंग पस्तीस टक्क्यांना असतं. ते मी त्यांना दिलंय."

"आई!"

"तू प्रयोगशाळेत जाणार आहेस ना? तिथं समजा दूध तपासायला आलं आणि ते तुझ्या सासऱ्यांच्या संस्थेचं निघालं. मग काय लिहिशील?"



"आधी तिथं पोचू तर दे मला," अनिता म्हणाली.

सुलक्षणाबाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या एका आकड्याबद्दल दुसऱ्यांदा विचार करत होत्या.

जयसिंगराव दरम्यान स्वस्थ बसले नव्हते. नाच सुधारायचा विचार त्यांनी केला नाही. त्यांनी निवडणुकीचा अनुभव वापरला. शनिवारी दुपारी खंडूला आणि ऋतिकाला त्यांनी मळ्यात मटणाला बोलावलं. जेवण होईपर्यंत स्पर्धेचा विषय निघाला नाही. हात धुतल्यावर ते म्हणाले, "आपल्यात उगाच कटुता कशाला? बिनविरोध करू."

"नाच बिनविरोध?" ऋतिकानं विचारलं.

"का? सोसायटी होती, पतसंस्था होती, देवस्थान होतं. नाच काय वरनं पडलाय का? ह्या साली मी, पुढल्या साली तू, त्याच्या पुढं खंडू. पाळीपाळीनं."

"आन् पुढल्या साली स्पर्धाच झाली न्हाई तर?" खंडू म्हणाला.

"तर माझ्याकडला करंडक सहा महिने तुझ्या घरी."

खंडूला संस्थेच्या वार्षिक सभेचं निवेदन मिळालं. ऋतिकाला संस्थेच्या पेढ्याच्या जाहिरातीत घ्यायचं ठरलं. रविवारी दुपारी तीनच्या आत दोघांनी माघारीचे अर्ज जालिंदरकडे दिले. तीन ही वेळ स्पर्धेत कुठेही लिहिलेली नव्हती. पण माघार तीनच्या आत घ्यायची असते हे सगळ्यांनाच माहीत होतं.

जालिंदर अर्ज हातात धरून सुलक्षणाबाईंकडे धावला. त्या चौफुला, न्हावरे करत एस.टी.नं नुकत्याच पोचल्या होत्या.

"बाई, एकच जोडी उरली! एक तासाच्या जाहिराती घेऊन बसलोय मी. तीन मिनिटांच्या नाचानंतर काय दाखवू?"

तेवढ्यात बाहेर ताशा वाजला. जयसिंगराव काळा शेपटीचा कोट आणि वर फेटा घालून टेम्पोतून उतरत होते. मागे आणखी चार टेम्पो, त्यांत संस्थेचे दोनशे सभासद. गुलालाची पोती आली होती. 'विजयी' असं लिहिलेला फ्लेक्सही आला होता आणि त्यावर जयसिंगरावांचा नाचतानाचा फोटो होता, तोंड अर्थातच समोर.

"नमस्कार, विहीणबाई," ते म्हणाले. "तुमचं काम हलकं केलं बघा. जाहीर करा आन् मोकळ्या व्हा."

"नमस्कार, पाहुणे. जाहीर काय करायचं?"

"बिनविरोध झालं की."

"एकटा धावला तरी धावावं लागतंच," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "नियम सातवा. निदान पाच गुण. खाली तुमची सही आहे."

जयसिंगरावांनी कागद घेतला, सही पाहिली, आणि ती आपलीच असल्याचं त्यांना वाईट वाटलं.

पाच वाजता थेट प्रक्षेपण सुरू झालं. स्पर्धेतून मोकळा झालेल्या खंडूला जालिंदरनं माइक दिला होता. तुळजाबाईंनी हिरवं नऊवारी नेसलं होतं आणि पायात मुलाचे पांढरे बूट होते. वॉल्ट्झची सुरावट एकच होती, तीन मिनिटं दहा सेकंदांची. ती वाजली.

"भले शाब्बास! चेअरमन सुटले!" खंडूनं शर्यतीच्या घाटात गाडा सुटल्यासारखा आवाज लावला. "अर्ध्यात आले... अर्ध्यात आले... आन् माघारी फिरले! मंडळी, इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे निघाले, त्यांची मान याच्यापेक्षा मोकळी होती!"

सभासद हसले. जयसिंगरावांनी हसणाऱ्यांना नमस्कार केला. अर्धा गुण गेला. असं सुरावट संपेपर्यंत पाचदा झालं आणि सुलक्षणाबाईंनी गुण जाहीर केले.

साडेतीन.

"सॅम्पल परत लावा!" जयसिंगराव स्टेजवरूनच म्हणाले.

दुधाला फॅट कमी लागला की संकलन केंद्रावर सभासद हेच म्हणत. सभागृहात एकदम चुळबूळ झाली. दुसऱ्या रांगेतले पोपटराव, चार म्हशी आणि दोन गायींचे मालक, उभे राहिले.

"चेअरमन, आम्ही म्हणतो परत लावा, तवा तुम्ही काय म्हणता?"

"पोपटराव, खाली बसा."

"काय म्हणता, ते सांगा की!"

"मशीन खोटं बोलत न्हाई," मागच्या रांगेतून पाच-सहा जणांनी एका सुरात सांगितलं. हे वाक्य संस्थेच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं आणि त्याखाली जयसिंगरावांचं नाव होतं.

जालिंदर मात्र खूश झाला. त्याच्याकडे अजून एक्कावन्न मिनिटं शिल्लक होती. त्यानं सुलक्षणाबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी नियमांचा कागद पुन्हा वाचला. पुन्हा नाचायला त्यात बंदी नव्हती.

"लावा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तीन मिळाले, कारण दरम्यान तहसील कार्यालयातले एक ओळखीचे गृहस्थ येऊन बसले होते आणि त्यांना दोनदा नमस्कार झाला. मग पेढ्याची जाहिरात झाली. तिसऱ्यांदा साडेतीन. मग कोटाची जाहिरात झाली, ज्यात दुकानदारानं स्वतः येऊन शेपटी कशी इस्त्री करावी ते सांगितलं. चौथ्यांदा चार. जयसिंगरावांचा फेटा आता तुळजाबाईंच्या खांद्यावर टेकत होता आणि कोटाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. सभासदांना आकडे पाठ झाले होते. प्रत्येक निकालाआधी ते आपसात पैज लावल्यासारखे बोटं दाखवत.

पाचव्या नाचाआधी तुळजाबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि पदराला लावलेल्या माइकमुळे ते दोन तालुक्यांना ऐकू गेलं, "अहो, आता मी नेते. तुम्ही नुसतं या."

"आन् लोकं काय म्हणतील?"

"जे म्हणतायत ते ऐकू येतंय की."

सुरावट लागली. तुळजाबाईंनी पहिल्याच तालावर नवऱ्याला धान्याच्या पोत्यासारखं कवेत घेऊन पूर्ण फिरवलं. जयसिंगरावांची पाठ सभासदांकडे झाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. समोर भिंत होती, तिच्यावर कालच्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच होती. ते दचकून मागे वळायला गेले, तोवर तुळजाबाईंनी त्यांना पुन्हा समोर आणलं होतं. सभासद जागेवर होते. कुणी कुणाच्या कानाला लागलं नव्हतं. दुसरी गिरकी, तिसरी गिरकी. त्यांचे खांदे खाली आले. पाचव्या गिरकीला ते चक्क हसले, आणि ते हसणं कुणाला दाखवण्यासाठी नव्हतं, कारण तेव्हा तोंड भिंतीकडे होतं.

"पळाली! जोडी पळाली!" खंडू ओरडला. पोपटराव खुर्चीवर चढले.

सुलक्षणाबाईंनी पेन्सिल उचलली. दुसऱ्या रांगेच्या टोकाला अनिता बसली होती. ती स्टेजकडे बघतच नव्हती. ती आईच्या पेन्सिलीकडे बघत होती. पाचव्या गिरकीनंतर हात दोनदा सुटला होता; सहातून एक वजा करून सुलक्षणाबाईंनी कागदावर पाच लिहिले. ते पाच खरे होते. कुठलीही ओढाताण न करता खरे होते, आणि त्यांना आठवड्यात पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

शेवटची गिरकी उरली होती. तिसऱ्या रांगेत साखर कारखान्याचे एक माजी संचालक उशिरा येऊन बसायची जागा शोधत होते. जयसिंगराव फिरून समोर आले, त्यांची नजर तिकडे गेली आणि उजवा हात तुळजाबाईंच्या पाठीवरून सुटला. छातीपर्यंत आला आणि लगेच परत गेला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. कॅमेरा त्या क्षणी तुळजाबाईंच्या पांढऱ्या बुटांवर होता. खंडू माइकवर शीर ताणून ओरडत होता. सभासद टाळ्या वाजवत होते. हात सुटलेला पाहिला फक्त सुलक्षणाबाईंनी. तुळजाबाईंना तो पाठीवर जाणवला असणार. आणि जयसिंगरावांना माहीत होतं.

सुरावट संपली. सुलक्षणाबाईंनी कागदाकडे पाहिलं. पाच. फक्त अर्धा गुण, आणि तो कापा असं कुणीच म्हणत नव्हतं. त्यांनी अनिताकडे पाहिलं. अनितानं दोन्ही हात ओठांवर धरले होते.

सुलक्षणाबाईंनी पाचावर काट मारली.

"साडेचार," त्यांनी जाहीर केलं. "शेवटच्या गिरकीत हात सुटला."

जालिंदरनं घड्याळ पाहिलं. तासातली तीनच मिनिटं उरली होती, आणखी एक नाच बसत नव्हता. खंडू माइक घेऊन जयसिंगरावांजवळ गेला. त्याला आदल्या दिवशीचं मटण आठवत असावं, पण समोर माणसं होती आणि माणसं समोर असली की खंडूचा स्वतःवर ताबा राहत नसे.

"चेअरमन, काय करायचं? सॅम्पल परत लावायचं?"

कुणीच हसलं नाही. दोनशे दूध उत्पादक आपल्या चेअरमनच्या तोंडाकडे बघत होते. जयसिंगराव धापा टाकत होते, पण त्यांचं डोकं चालू होतं. आकडा खोटा म्हणावं, तर उद्या सकाळी सहा वाजता संकलन केंद्रावर दोनशे कॅन परत तपासायला उभे राहणार. परवाही राहणार. त्याच्या पुढच्या वार्षिक सभेलाही राहणार. त्यांनी माइक खंडूच्या हातातून घेतला.

"मान्य," ते म्हणाले. "हात सुटला व्हता."

पोपटराव खुर्चीवरून खाली उतरले.

"मंडळी," जयसिंगरावांचा आवाज हळूहळू जागेवर आला, "ह्या आमच्या विहीणबाई. सख्ख्या व्याह्याला अर्धा गुण सोडला न्हाई. बघितलं ना? हे असलं माप आमच्या घरात हाय. उगाच न्हाई यांची लेक सून करून आणली. अनिता, उभी रहा. रहा उभी. ही आमची सून. उद्यापासून शिक्रापूरला मोठ्या प्रयोगशाळेत जाणार हाय, तपासणीला. मीच म्हणलं, जा. घरात बसवून काय करायचं असलं ज्ञान?"

टाळ्या पडल्या. प्रथम पोपटरावांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. अनिता उभी राहिली आणि काय करावं न सुचून तिनंही टाळ्या वाजवल्या. तुळजाबाई स्टेजच्या कडेला बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या.

"मीच म्हणलं म्हणे," त्या म्हणाल्या. त्यांच्या माइकचा आवाज जालिंदरनं वेळेवर बंद केला.

करंडक कुणालाच मिळाला नाही. पण ताशेवाले ठरवलेले होते आणि गुलाल उघडला गेला होता, त्यामुळे मिरवणूक काढावी लागली. करंडक एका खुर्चीवर ठेवून खुर्ची टेम्पोत चढवली आणि जयसिंगराव पुढे चालत दोन्ही बाजूंना नमस्कार करत गेले. चौथा नियम तिथं लागू नव्हता. सुलक्षणाबाईंना त्यांनी एस.टी. स्टँडवर स्वतः सोडलं आणि विचारलं, "विहीणबाई, नुसतं विचारतो. पहिल्या पाच गिरक्या कशा व्हत्या?"

"सहाच्या होत्या, पाहुणे."

"सहा," जयसिंगराव म्हणाले आणि बराच वेळ तो आकडा तोंडात घोळवत राहिले.

सोमवारी सकाळी सव्वासहाला त्यांनी जीप काढली आणि सुनेला शिक्रापूरला पोचवायला स्वतः निघाले. वाटेत त्यांनी सात ठिकाणी गाडी थांबवून सात जणांना सांगितलं की सून कुठं चालली आहे आणि कुणी पाठवली आहे. आठव्या ठिकाणी अनितानं मनगटावरचं घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. चौकात ट्रकांची रांग लागली होती. शेवटचा अर्धा किलोमीटर ती चालत गेली, म्हणजे खरं तर पळत गेली, आणि आठला दोन मिनिटं कमी असताना तिनं गेटवरच्या वहीत सही केली.